मिक ओ’टार्डाचं गाणं

‘कुठलं गाणं म्हणालात, काकू?’ रेडिओवरच्या केतकीनं विचारलं.

‘रोजी कमवे,’ आई म्हणाली.

आई आतल्या खोलीत फोनला चिकटून उभी होती आणि मी बाहेर दुकानात, मशीनवरच्या फळीवर ठेवलेल्या रेडिओला. तिचा आवाज आधी पडद्याआडून यायचा आणि लगेच पाठोपाठ रेडिओतून. मी ब्लाउजला हूक लावत होते, तो हातातच राहिला. आमची आई, सिंधू लेडीज टेलर्सची मालकीण, रेडिओवर! मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू.

‘हे इंग्लिश गाणं आहे का, काकू?’

‘हो तर. विलायतेचंच आहे. खोर्शेदबाईंकडे तबकडी होती त्याची. माझे मिस्टर गेले ना, तेव्हा मी त्यांच्या बंगल्यावर शिवणाला बसायचे. मुलगी लहान होती. एकेक दिवस जीव नको व्हायचा मला. आणि ती तबकडी लागली की तो माणूस म्हणायचा, रोजी कमवे, रोजी कमवे. आता बघा, कोण कुठला साहेब, ना आपल्या जातीचा ना भाषेचा, पण मला सांगत होता, की बाई, रडू नको, ऊठ, रोजी कमव. म्हणून माझं मत त्या गाण्याला.’

मग एक पुरुषी हसू सुरू झालं. आधी नाकातून, मग घशातून, मग पोटातून. थांबेचना.

‘अहो बाई! ती रोझी आहे, रोझी! पोरीचं नाव आहे ते! रोझी, कम अवे! तो तिला म्हणतोय, रोझी, चल माझ्याबरोबर पळून! गाणं आहे हो ते, रोजगार हमी योजना नव्हे!’

केतकीही फिसकन हसली. तिचा दोष नव्हता, पोर होती ती.

‘केतकी, हे मत बाद,’ तो गृहस्थ म्हणाला. ‘रोजी कमवे नावाचं गाणं ब्रिटनमध्ये झालेलंच नाही. पण बाईंचं नाव मात्र मी लिहून घेतो. सिंधू खैरनार, लॅम रोड, देवळाली कॅम्प. लीड्सच्या मित्रांना कळवायला हवं. काय धमाल!’

‘बरं,’ आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पडदा सारून ती बाहेर आली, मशीनवर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवलेलाच होता.

आता हे हसणारे गृहस्थ कोण ते सांगते. मुकुंद अनंत चांदवडकर. पण हे नाव त्यांच्या आईवडिलांनंतर कुणी वापरलं नसेल. स्वतःला ते ‘मॅक’ म्हणवून घ्यायचे. तरुणपणी कापडाच्या कुठल्याशा कोर्ससाठी दोन वर्षं लीड्सला राहून आले होते, आणि त्या दोन वर्षांवर पुढची चाळीस काढली. उन्हाळ्यात गळ्याला रुमाल. बोलताना मराठी अशी चावायचे, जशी काही खड्याची भाकर. नाकानं कांदे सोलणारा माणूस बघायचा असेल तर तो आमच्या कॅम्पात होता.

त्या वर्षी नाशिकच्या एका छोट्या स्टेशनानं, रेडिओ खणखणनं, रविवारी सकाळी ‘विलायती बाजा’ नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. मोबाइलमध्ये सगळं जग यायच्या आधीची गोष्ट आहे ही. त्यांनी जाहीर केलं, की श्रोत्यांनीच ठरवायचं, आजवरचं सर्वश्रेष्ठ ब्रिटिश गाणं कोणतं. फोन करा नाहीतर पोस्टकार्ड टाका. आणि जाणकार म्हणून बसवले मॅक. झालं! आमच्या देवळालीत इंग्लिश गाण्यांवरून भांडायला माणसं काही कमी नव्हती. सॅनिटोरियममधल्या पारशी म्हाताऱ्यांना नाचाची गाणी वर हवीत, फौजेतल्या रिटायर लोकांना कवायतीची, कॉन्व्हेंटच्या पोरींना प्रेमाची. बेकरीत पाव घेताना दोन सभ्य माणसं पहिल्या नंबरावरून एकमेकांची उणीदुणी काढताना मी स्वतः बघितलीत. आणि या सगळ्यांच्या वर मॅक. कुणी काही सुचवलं की ‘छे, हे खरं ब्रिटिश नाही’. खरं ब्रिटिश काय, ते फक्त यांना ठाऊक. यांच्या मनात एक सात भागांचं का कसलंसं लांबलचक रडगाणं होतं, आणि ते पहिलं यावं म्हणून बाकीची मतं कशी बाद होतील ते बघणं, हेच यांचं जाणकारपण.

रोझी म्हणजे पोरीचं नाव, हे मला कॉलेजात गेल्यापासून माहीत होतं. आईला कधी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? त्या दोन शब्दांवर तिनं मशीन चालवलं, मला वाढवलं, शिकवलं. मशीनच्या पायडलच्या ठेक्यावर ती गुणगुणायची, रोजी कमवे, रोजी कमवे, आणि बाही जोडून व्हायची. कुणाच्या देवाला दगड म्हणायचं काही कारण असतं का?

त्या रविवारनंतर ती गुणगुणायची थांबली. मशीन नुसतं खडखडायचं.

आणि गावाला तर आयतं सापडलं. सोमवारी भाजीवाला म्हणाला, ‘काय रोजगार हमी, आज मेथी देऊ का?’ तो बिचारा प्रेमानंच म्हणाला. पण मग शाळेच्या रिक्षातली पोरं म्हणायला लागली. पोस्टमन म्हणाला. नळावरच्या बायका आई गेली की गप्प व्हायच्या, हे तर त्याहून वाईट. आई सगळ्यांकडे बघून हसायची. घरी आली की माझ्याकडे पाठ करून बसायची.

‘आई, सोड ना गं,’ मी म्हणाले.

‘मी काय धरून बसलेय?’ ती म्हणाली. ‘उर्मे, एक सांग. तुला माहीत होतं?’

मी खाली पडलेल्या टाचण्या गोळा करायला लागले.

‘माहीत होतं तर,’ ती म्हणाली. ‘आणि तू नाही हसलीस.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठले, चपला घातल्या आणि थेट मॅकच्या बंगल्यावर. गृहस्थ व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून टोस्टला लोणी फासत होते.

‘मी सिंधू खैरनारांची मुलगी,’ मी म्हणाले. ‘पुढच्या रविवारी रेडिओवर दोन शब्द बोला. चुकलं म्हणा. तिला लोक चिडवताहेत.’

‘चुकलं? माझं?’ त्यांनी सुरी खाली ठेवली. ‘मुली, मी चूक सुधारली. फुकट ज्ञान मिळालं तुझ्या आईला. आभार मानायला आलीस असं वाटलं मला.’

‘ती काही परीक्षेला बसली नव्हती. तिनं मत दिलं.’

‘मत द्यायला आधी माहिती लागते. उद्या उठून कुणीही शिंपीण ब्रिटिश संगीतावर बोलणार का?’ आणि ते पुढे वाकले. ‘हे बघ, या देशात या विषयात माझ्याइतका माणूस नाही. मला माहीत नाही असं एक ब्रिटिश गाणं दाखव. एक! मग मी माफी मागेन.’

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मला त्या माणसानं त्या दिवशी एवढी मोठी वस्तू हातात दिली, की मी खरंच त्यांचे आभार मानले आणि घरी आले. रस्ताभर दातओठ खात आले, पण डोकं कामाला लागलं होतं.

आमच्या गिऱ्हाइकांत ग्लोरिया पगारे टीचर होत्या. मूळच्या नाशिकजवळच्या शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या, कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिश शिकवायच्या. मराठी माझ्याहून कडक. आईचा त्यांच्यावर जीव आणि त्यांचा आईवर. मी मॅकचं बोलणं सांगितलं तेव्हा त्यांनी चहाची बशी आपटलीच.

‘शिंपीण म्हणाला? मेल्याची जीभ झडो! देवा, मला क्षमा कर. पण झडोच.’

‘टीचर, त्याला माहीत नसलेलं गाणं हवंय मला.’

‘असं काय करतेस? जे गाणं आहे, ते त्याला माहीत नसलं तरी तो शोधून काढेल. जे नाहीच, ते कसं शोधेल?’

टीचर शांतपणे बशीत सांडलेला चहा प्यायल्या.

‘पण त्यानं सरळ सांगितलं, की मला हे गाणं माहीत नाही, तर?’ मी विचारलं.

‘तर मग माणूस प्रामाणिक आहे, आणि मी स्वतः त्याची माफी मागेन,’ टीचर म्हणाल्या. ‘आता गाणारा कोण करायचा ते बघू. नाव आयरिश वाटलं पाहिजे, ब्रिटनमध्ये आयरिश गाणारे पुष्कळ, आणि त्यांच्या नावात ओ असतो. मिक ओ’ब्रायन, मिक ओ’हारा, मिक ओ’...’

‘परत म्हणा.’

‘काय?’

‘ते पहिलं. मिक ओ.’

त्या म्हणाल्या. मी त्यांच्या कानात पुढचं जोडलं. टीचर आधी थिजल्या, मग पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग गाण्याचं नाव त्यांनीच शोधलं. खलाशाचं गाणं, एक खलाशी दुसऱ्याला हाक मारतो. ‘अहॉय, मिच!’ गायक, मिक ओ’टार्डा. कागदावर लिहून बघितलं. टीचरांच्या वळणदार इंग्लिश अक्षरात ते इतकं खरं दिसत होतं, की मलाच एकदा ऐकावंसं वाटलं.

पुढचं काम बायकांनी केलं. आमच्याकडे ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई त्या रविवारी रेडिओ ऐकत होती, आणि त्यातल्या निम्म्या जणी नळावर गप्प झाल्या होत्या, त्याची त्यांना लाज होती. मी कुणालाही गळ घातली नाही. नुसतं पोस्टकार्ड पुढे करायचे आणि म्हणायचे, ‘आईसाठी.’ टीचरांनी लिहिलेलं नाव त्या अक्षर अक्षर बघून उतरवायच्या. कुणी खाली लिहिलं, आमच्या तरुणपणी हे गाणं सगळीकडे वाजायचं. कुणी लिहिलं, हे गाणं ऐकलं की डोळ्यात पाणी येतं. नायर मेजरीणबाईंनी तर लिहिलं, की या गाण्यावर त्या नवऱ्याबरोबर पहिल्यांदा नाचल्या. एवढ्या शुद्ध थापा आमच्या कॅम्पातल्या पतिव्रतांना मारता येतात, हे मला तेव्हा कळलं. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती समोरच्या दुकानात अस्तर आणायला गेली, की इकडे पोस्टकार्ड बाहेर निघायचं.

पुढच्या रविवारी काहीच झालं नाही. मी हिरमुसले. त्याच्या पुढच्या रविवारी मी इस्त्री करत होते, आई मशीनवर होती, टीचर मापाच्या निमित्तानं येऊन बसल्या होत्या.

‘सर, आज एक गंमत आहे,’ केतकी म्हणाली. ‘एका गाण्याला एकदम पोस्टकार्डांचा पाऊस पडलाय. आपल्याकडे त्याचं रेकॉर्डच नाही. मी तर नावही ऐकलं नव्हतं. तुम्हाला देऊ का कार्ड? तुम्हीच वाचा.’

मी इस्त्री उभी केली.

रेडिओवर कागद सरकल्याचा आवाज आला. आणि मग तो क्षण. इथं माणूस म्हणू शकला असता, की केतकी, हे मला माहीत नाही. पाच शब्द. मी देवाशपथ सांगते, तो म्हणाला असता तर मी तिथंच हात जोडून हे सगळं सोडून दिलं असतं.

‘ओ! अर्थात!’ मॅक म्हणाले. ‘आश्चर्य आहे, आपल्याकडे कुणाला हे माहीत असेल असं वाटलं नव्हतं. अहॉय मिच! मिकोटार्डा!’

त्यांनी ते खास लीड्सच्या थाटात म्हटलं. श्वास सोडून, ‘खो’ वर जोर देऊन. आमच्या फळीवरच्या रेडिओतून जे बाहेर आलं, ते असं होतं:

‘अहो, मीच! मी खोटारडा!’

टीचरांनी टेप तोंडात धरली होती, ती गळून पडली.

‘काय म्हणालात सर?’ केतकी म्हणाली.

‘अहॉय मिच. मिकोटार्डा.’

‘कोण?’

‘मिकोटार्डा! मिकोटार्डा!’ मॅकचा आवाज चढला. ‘नाव नीट उच्चारायला शिका. लीड्सला सगळे ओळखायचे. टाउन हॉलात मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. नंतर हातही मिळवला. मी विचारलं, हू आर यू, रिअली? तो हसून म्हणाला, मिकोटार्डा!’

समोरच्या हेअर कटिंग सलूनमधून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, ‘अरे आवाज वाढव, आवाज वाढव!’ बेकरीतून हसण्याचा लोट आला. गॅरेजमधली पोरं रस्त्यावर आली. सगळ्या लॅम रोडवर रविवारचा रेडिओ एकाच स्टेशनावर असायचा, आणि त्या सगळ्या रेडिओंमधून मॅक चांदवडकर आपल्या तोंडानं, विलायती थाटात, पुन्हा पुन्हा कबुली देत होते. त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं. मराठी ऐकायची सवयच मोडली होती त्यांची.

केतकीला मात्र कळलं होतं. तिचा आवाज थरथरायला लागला. ‘सर, मग... मग हे गाणं तुम्ही जाहीर करता का? श्रोत्यांसाठी? जरा सावकाश?’

‘अवश्य. श्रोतेहो! अहॉय मिच... मिक... ओ...’

आणि थांबले. कार्ड हातात असणार. पहिल्यांदाच त्यांनी ते हळू वाचलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि केतकीनं घाईघाईनं कुठलंतरी गाणं लावलं.

मी आणि टीचर एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होतो. हसता हसता मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती.

‘हे तू केलंस?’

‘कसं उट्टं काढलं! आता रस्त्यात तुला कोण काय म्हणतं बघू.’

‘छान केलंस,’ आई म्हणाली. ‘गाव आधी मला हसलं, आता त्यांना हसेल. पण मला काय मिळालं यात?’

असं थंड पाणी ओतलं माझ्या अंगावर! मला रागच आला तिचा. पण एक खरं, त्या दिवसापासून आईला रोजगार हमी म्हणणं बंद झालं. गावाला नवं खेळणं मिळालं होतं. मॅक बाहेर पडले की पोरं दुकानांच्या आडोशातून ओरडायची, ‘अहो मीच!’ कॉन्व्हेंटच्या गायनाच्या स्पर्धेला ते दरवर्षी परीक्षक असायचे, त्या वर्षी शाळेनं गोड शब्दांत नको म्हणून कळवलं. गळ्यातला रुमाल दिसेनासा झाला.

गुरुवारी दुपारी ते दुकानात आले. मी एकटीच असेन असं वाटलं असावं. आई समोरच बसलेली बघून जरा चपापले.

‘मिसेस खैरनार,’ ते म्हणाले, ‘तुमच्या मुलीनं जे केलं त्याबद्दल मी तक्रार करणार नाही.’

‘करा की,’ मी म्हणाले. ‘काय लिहाल तक्रारीत? टाउन हॉलात कुणाशी हात मिळवला ते लिहा.’

‘उर्मे, गप,’ आई म्हणाली. ‘बसा साहेब.’

ते बसले. बसल्यावर लक्षात आलं, की माणूस म्हातारा होता. ‘माझी एक विनंती आहे,’ ते म्हणाले. ‘या रविवारी मी कार्यक्रमात सांगणार आहे, की ती आपण मिळून केलेली थट्टा होती. तुम्ही फक्त हो म्हणा. कुणी विचारलं तर. आणि त्या दिवशी मी हसलो, त्याबद्दल... सॉरी. मी तुमची माफी मागतो.’

मला वाटलं, झालं. आता आई विरघळणार. ती तशीच आहे, दारात आलेल्या कुत्र्यालाही आधी पाणी दाखवते. मी चुळबुळले. एवढं सगळं करून हा माणूस असा कोपऱ्यात पुटपुटून सुटणार होता.

‘इथं नको,’ आई म्हणाली.

‘म्हणजे?’

‘जिथं हसलात, तिथं मागा.’

‘रेडिओवर? मिसेस खैरनार, आधीच माझी काय अब्रू...’

‘माझी पण तिथंच गेली, साहेब,’ आई म्हणाली आणि मशीनचं चाक हातानं फिरवलं. ‘चहा घेणार का?’

त्यांनी चहा घेतला नाही.

रविवारी मॅक रेडिओवर आले. मला वाटलं नव्हतं येतील. केतकीनं नमस्कार वगैरे केला, आणि मग त्यांनी कागदावरून वाचल्यासारखं सांगितलं, ‘गेल्या काही कार्यक्रमांत माझ्या बोलण्यामुळे काही श्रोत्यांचा गैरसमज झाला असल्यास, किंवा कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास, मी दिलगीर आहे. आता आपल्या मतदानाकडे वळू.’

म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं! मी रेडिओला शिवी हासडली. आई उठली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आत गेली. फोनची डायल फिरल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला तिला लाइन मिळायला. तोवर दोन गाणी होऊन गेली.

‘हॅलो, कोण बोलतंय?’ केतकी म्हणाली.

‘सिंधू खैरनार. लॅम रोड, देवळाली कॅम्प.’

आईनं केतकीची वाट बघितली नाही.

‘साहेब आहेत ना? साहेब, तुम्ही दिलगीर आहात म्हणालात. कुणापाशी?’

‘श्रोत्यांपाशी,’ मॅक म्हणाले. आवाज खोल गेला होता.

‘हसलात तेव्हा श्रोत्यांना नव्हतात हसलात. माझं नाव घेऊन हसलात. पत्त्यासकट.’

‘काकू, आपण कार्यक्रम संपल्यावर बोलू या का?’ केतकी म्हणाली.

‘तू थांब गं बाळ. साहेब, नाव घ्या माझं.’

सलूनमधली कात्री थांबली होती. माझ्या दारात कधी चार बायका येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंही नाही.

‘मिसेस सिंधू खैरनार,’ मॅक म्हणाले, ‘मी... तुमची माफी मागतो.’

‘ऐकू आलं नाही.’

‘सिंधूताई खैरनार,’ ते म्हणाले, आणि या वेळी ते लीड्सचं बोलणं कुठल्या कुठे गेलं, साधं चांदवडचं मराठी आलं तोंडून, ‘मी तुम्हाला हसलो. चुकलं माझं. मला माफ करा.’

‘वा!’ केतकीनं सुटकेचा श्वास टाकला. ‘किती छान! काकू, मग केलंत ना सरांना माफ?’

‘नाही,’ आई म्हणाली. ‘त्यांनी मागितली, त्यांचं काम झालं. द्यायची की नाही, ते मी बघेन.’

आणि तिनं फोन ठेवला. बाहेर आली, चष्मा चढवला, दारातल्या बायकांना म्हणाली, ‘कुणाचं काही शिवायचंय का? नाहीतर उजेड सोडा.’

पहिलं कोणतं गाणं आलं ते मला खरंच आठवत नाही. कार्यक्रम पुढे पावसाळ्यात बंद पडला. मॅक परत कधी रेडिओवर बोलले नाहीत. रस्त्यात आई दिसली की ते थांबायचे, मान लववायचे. आईही मान लववायची. अशी किती वर्षं गेली. मी लग्न करून नाशिकला आले, आईचे गुडघे गेले, दुकान तिनं आपल्या भावजयीकडे दिलं.

गेल्या उन्हाळ्यात मॅक गेले. मी आईला घेऊन त्यांच्या घरी भेटायला गेले. तिनंच हट्ट धरला होता. त्यांच्या बायकोजवळ ती बराच वेळ बसली. पाठीवरून हात फिरवला, तिच्याबरोबर रडलीसुद्धा. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलं एकदाचं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, ‘आई, दिलीस का गं शेवटी त्यांना माफी?’

आईनं पदर सावरला.

‘मी बाईंना भेटायला गेले होते,’ ती म्हणाली. ‘त्यांना नाही.’